शुक्रवारची रात्र कोणाची: नॉर्थ मेलबर्न क्लबचं प्रकरण

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकांच्या ‘फुटी’मध्ये, शुक्रवारची रात्र ही आठवड्यातली सगळ्यात महाग वेळ. कामाचा आठवडा संपलेला, दुसऱ्या दिवशी सुट्टी, सामना पैसे न भरता दिसणाऱ्या वाहिनीवर आणि सगळा देश तोच एक सामना बघत बसलेला. त्या रात्री जो क्लब मैदानात असतो त्याच्या जर्सीवरच्या जाहिरातीला भाव येतो, मैदानातले महागडे कक्ष विकले जातात, आणि सोमवारी शाळेत पोरं त्याच क्लबच्या खेळाडूंबद्दल बोलतात.

ही वेळ शोधून काढली एका लहान क्लबने. त्याचं नाव नॉर्थ मेलबर्न. पुढे वेळेला किंमत आली तशी ती त्याच क्लबच्या हातातून निसटली, आणि त्यानंतर ‘स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही’ असा ठपका त्याच क्लबवर बसला. लहान क्लबांच्या पैशांबद्दल बोलताना अनुदान, कर्ज, सभासदसंख्या यांची चर्चा होते, पण वेळापत्रक हाच पैसा आहे ही गोष्ट बाजूला राहते. नॉर्थचं प्रकरण नीट लावून पाहिलं की ती समोर येते.

दिव्यांची गोष्ट

१० मार्च १९८५ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सुनील गावसकरांच्या संघाने पाकिस्तानला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट जिंकली. रवी शास्त्रींना मिळालेली ऑडी आणि तीत चढून बसलेला सगळा संघ आपल्याकडच्या एका पिढीला अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्या मैदानावरचे दिवे तेव्हा नवे कोरे होते, त्याच मोसमात लागलेले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्या दिव्यांखाली नॉर्थ मेलबर्न आणि कॉलिंगवूड यांचा शुक्रवार रात्रीचा सामना झाला. तोवर फुटी म्हणजे शनिवारची दुपार हे ठरलेलं होतं.

नॉर्थ हा कामगारवस्तीतला क्लब. फुटीची सर्वोच्च लीग (आजची एएफएल) १८९७ मध्ये सुरू झाली, पण नॉर्थला तिच्यात घेतलं १९२५ मध्ये, फुट्सक्रे आणि हॉथॉर्नबरोबर. पहिलं विजेतेपद मिळायला १९७५ उजाडलं. आर्डन स्ट्रीटवरचं घरचं मैदान छोटं आणि पाठीराखे कमी, त्यामुळे काहीतरी नवं करून दाखवणं ही या क्लबची गरजच होती. शुक्रवारची रात्र त्यातूनच आली. इतरांना शनिवार सोडायचा नव्हता, म्हणून नॉर्थने शुक्रवार घेतला. लोक येतील का, कुटुंबं रात्री घराबाहेर पडतील का, याची खात्री कुणालाच नव्हती. तो धोका नॉर्थने पत्करला.

लोक आले. नव्वदच्या दशकात डेनिस पेगन प्रशिक्षक आणि वेन कॅरी कर्णधार असताना नॉर्थ १९९४ ते २००० अशी सलग सात वर्षं उपांत्य फेरीत पोचला. १९९६ आणि १९९९ अशी दोन विजेतेपदं घेतली. शुक्रवारची रात्र म्हणजे नॉर्थ, असं समीकरण झालं.

मग प्रक्षेपणाच्या हक्कांची किंमत वाढत गेली. २००७ ते २०११ या पाच वर्षांसाठी ७८ कोटी डॉलर, पुढच्या पाच वर्षांसाठी १२५ कोटींच्या वर, २०१७ पासूनच्या सहा वर्षांसाठी २५० कोटी. २०२५ पासूनचा सात वर्षांचा करार ४५० कोटींचा आहे. (सगळे आकडे ऑस्ट्रेलियन डॉलरमधले.) एवढे पैसे मोजणारी वाहिनी शुक्रवारी रात्री कोण खेळणार हे नशिबावर सोडत नाही. तिला कॉलिंगवूड हवं, एसेंडन हवं, कार्लटन आणि रिचमंड हवेत. ज्यांचे पाठीराखे जास्त, त्यांना ती वेळ. नॉर्थने रुजवलेली वेळ हळूहळू मोठ्या क्लबांची झाली, आणि त्याबद्दल नॉर्थला कसला हिस्सा किंवा मोबदला मिळाला नाही. कागदावर त्या वेळेचा मालक कुणीच नव्हता.

वेळापत्रक असमान असणारच, पण कुणासाठी?

आज लीगमध्ये अठरा क्लब आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळायचं तर चौतीस फेऱ्या लागतील. अंगावर अंग घालून खेळायच्या या खेळात ते शरीराला झेपणारं नाही. म्हणून प्रत्येक क्लब तेवीस सामने खेळतो: सतरा प्रतिस्पर्ध्यांशी एकदा, त्यांतल्या सहांशी पुन्हा एकदा. आयपीएल बघणाऱ्याला हे नवं नाही. दहा संघ झाल्यापासून तिथेही प्रत्येक संघ पाच जणांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच खेळतो.

ते सहा कोण, यासाठी लीगने एक तत्त्व ठेवलं आहे. आदल्या मोसमाच्या क्रमवारीचे तीन भाग करायचे आणि वरच्या सहांना आपसात जास्त भिडवायचं, तळातल्यांना आपसात जास्त. खेळाच्या दृष्टीने हा विचार योग्यच आहे. खेळाडूंच्या पगारांवर सगळ्यांना सारखी मर्यादा आहे. नवे खेळाडू निवडताना तळाच्या क्लबला पहिली संधी मिळते. मैदानातल्या समतेसाठी या लीगने जेवढी यंत्रणा उभी केली तेवढी जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्याबद्दल तिला पूर्ण श्रेय द्यायला हवं.

पण वेळापत्रकातून पैसा कुणाकडे जातो, यासाठी तसा जाहीर आणि मोजता येणारा नियम नाही. इथे व्यवहार चालतो तो परंपरेवर आणि वाहिनीच्या पसंतीवर. अँझॅक डे, २५ एप्रिल, हा युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी १९९५ पासून कॉलिंगवूड आणि एसेंडन खेळतात. पहिल्याच वर्षी ९४,८२५ लोक आले आणि सामना बरोबरीत सुटला. तेव्हापासून तो दिवस त्या दोघांचा झाला, वर्षाआड एक यजमान. कित्येक मोसमांची सुरुवात कार्लटन विरुद्ध रिचमंड अशी झाली. ईस्टरचा सोमवार हॉथॉर्न आणि जीलाँगकडे, जूनमधली राजाच्या वाढदिवसाची सुट्टी मेलबर्न आणि कॉलिंगवूडकडे. यांतला एखादा सामना घरचा म्हणून मिळाला तर वर्षाच्या अंदाजपत्रकात मोठी निश्चित रक्कम आधीच धरता येते. कुठलीच सुट्टी वाट्याला न आलेल्या क्लबला मोसमाचं वेळापत्रक जाहीर होईपर्यंत वाट बघत बसावं लागतं. हल्ली तर नंतरच्या फेऱ्यांचे दिवस आणि वेळा टप्प्याटप्प्याने जाहीर होतात. ज्या सामन्याची वेळच माहीत नाही त्याचे कक्ष आणि जेवणाची टेबलं आगाऊ विकायची कशी?

मैदानाचं भाडं नावाचं दुखणं

आता जवळून पाहू. २००० साली दोन गोष्टी घडल्या. एक, त्या वर्षापासून सामन्याच्या तिकिटांचं निव्वळ उत्पन्न यजमान क्लबकडेच राहू लागलं. त्याआधी कित्येक दशकं ते दोन्ही संघांत वाटलं जाई, म्हणजे लहान क्लब मोठ्या क्लबच्या घरी खेळला तरी त्याच्या हाती काही पडायचं. दोन, मेलबर्न शहराच्या पश्चिम कडेला डॉकलँड्सचं नवं, छत बंद करता येणारं मैदान उघडलं. ते खासगी कंपनीच्या ताब्यात होतं आणि २०२५ मध्ये अवघ्या तीस डॉलरला लीगच्या मालकीचं व्हायचं होतं. तोपर्यंतची पंचवीस वर्षं ते चालवून पैसे वसूल करायचे, असा सौदा. त्यासाठी तिथे ठरावीक संख्येने सामने व्हायला हवेत, आणि ते सामने पुरवण्याचं काम मुख्यतः नॉर्थ, सेंट किल्डा आणि वेस्टर्न बुलडॉग्स या क्लबांवर आलं.

मैदान उघडायचा खर्च ठरलेला असतो. सुरक्षारक्षक, सफाई, दिवे, दारावरची माणसं. समजा तो खर्च निघायला पंचवीस हजार प्रेक्षक लागतात. (हा आकडा फक्त हिशेब कळावा म्हणून.) पंचेचाळीस हजार आले तर वरच्या वीस हजारांचा पैसा क्लबचा. अठरा हजार आले तर सात हजारांची तूट क्लबने खिशातून भरायची. खेळाडूंनी दोन्ही दिवशी तेवढंच धावायचं. घरच्या सामन्यानंतर क्लबच्या हाती चेकऐवजी बिल पडलं, असे प्रसंग डॉकलँड्सच्या भाडेकरूंवर खरोखर आले, आणि २००९ च्या सुमारास त्यावरून लीग, क्लब आणि मैदान चालवणारे यांच्यात जाहीर वाद झाला. त्याच काळात जीलाँगचा क्लब आपल्या गावातल्या लहान मैदानावर, कमी प्रेक्षकांत, कितीतरी जास्त कमवत होता. कारण भाडं, जाहिरात, खाणंपिणं सगळं त्याच्या हातात होतं.

याला वेळापत्रकाची जोड द्या. जून महिन्यातला रविवार, सामना दुपारी ४.४० ला, समोर दूरच्या क्वीन्सलँड राज्यातल्या गोल्ड कोस्ट शहराचा संघ. मेलबर्नच्या हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. पाहुण्या संघाबरोबर प्रेक्षक फारसे येत नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा, त्यामुळे लहान मुलांची कुटुंबं घरीच थांबतात. सामना सुटून गाडी पकडून घरी पोचेपर्यंत पोरांची झोपायची वेळ टळून जाते. वरचा सज्जा रिकामा. प्रक्षेपण पैसे भरून बघायच्या वाहिनीवर. असे तीन-चार सामने एका मोसमात यजमान म्हणून वाट्याला आले की त्या वर्षीचा ताळेबंद तिथेच ठरला. क्लबने कारभार कितीही काटकसरीने केला तरी ही तूट त्याच्या कारभारातून आलेली नाही. ती वेळापत्रकातून आली आहे. आठवडी बाजारात एकाला वेशीजवळची जागा आणि दुसऱ्याला मागच्या गल्लीतली जागा द्यायची, आणि संध्याकाळी दोघांचा गल्ला मोजून दुसऱ्याला म्हणायचं की तुला धंदा जमत नाही, त्यातला हा प्रकार.

लीगने अखेर २०१६ मध्ये ते मैदान सुमारे वीस कोटी डॉलरला मुदतीआधीच विकत घेतलं. भाडेकरू क्लबांना त्याचा दिलासा मिळाला. पण तोपर्यंत सतरा मोसम होऊन गेले होते.

घरचे सामने विकणे

घरी तोटा होतो म्हटल्यावर क्लब काय करतो? घरचे सामने दुसऱ्या गावाला विकतो. नॉर्थ सिडनीत खेळला, कॅनबेरात खेळला, गोल्ड कोस्टला खेळला. १९९९ मध्ये नावातून ‘नॉर्थ मेलबर्न’ काढून नुसतं ‘कांगारूज’ ठेवलं, म्हणजे देशात कुठेही खपेल. नवी बाजारपेठ मिळेल ही आशा होती. पण दुसऱ्या राज्यातली माणसं वर्षातून तीन वेळा येणाऱ्या संघाला आपलं मानत नाहीत, आणि मेलबर्नचा सभासद मात्र विचारतो की माझ्या वर्गणीत घरचे सामने कमी का.

२००७ च्या अखेरीस हे प्रकरण टोकाला गेलं. लीगने प्रस्ताव ठेवला की क्लबने कायमचं गोल्ड कोस्टला जावं. त्या पॅकेजची किंमत तेव्हा दहा कोटी डॉलरच्या घरात सांगितली जात होती. कर्जात असलेल्या क्लबपुढे एवढी रक्कम ठेवली की ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. साउथ मेलबर्न क्लब १९८२ मध्ये सिडनीला गेला होता. फिट्झरॉय १९९६ मध्ये ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. खुद्द नॉर्थनेच त्या वेळी फिट्झरॉयशी एकत्र यायचा प्रयत्न केला होता आणि इतर क्लबांनी तो होऊ दिला नाही. एक क्लब गेला की गावाचं काय होतं हे मेलबर्नने पाहिलं होतं.

डिसेंबर २००७ मध्ये नॉर्थच्या मंडळाने प्रस्ताव नाकारला. जेम्स ब्रेशॉ अध्यक्ष झाले, २००८ पासून ‘नॉर्थ मेलबर्न’ हे नाव परत आलं, आर्डन स्ट्रीटचं जुनं मैदान आणि इमारत नव्याने उभी राहिली. तिथे २०१० मध्ये ‘द हडल’ नावाचा उपक्रम सुरू झाला. स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांतल्या मुलांना अभ्यास, खेळ आणि नोकरीची वाट यांसाठी क्लबच्या आवारातच आधार. आसपासच्या सरकारी गृहसंकुलांत राहणारी मुलं तिथे येतात. गोल्ड कोस्टला गेला असता तर हे काहीच आर्डन स्ट्रीटवर उभं राहिलं नसतं. क्लबाची किंमत काढताना ताळेबंदाच्या कुठल्याच रकान्यात ही गोष्ट दिसत नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. व्हिक्टोरियातल्या, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथल्या, अनेक क्लबांनी वर्षानुवर्षं जुगाराच्या यंत्रांतून, म्हणजे ‘पोकीज’मधून, मोठं उत्पन्न घेतलं. नॉर्थने त्या धंद्यातून बरंच आधी अंग काढून घेतलं. गरिबांच्या वस्तीत जुगाराचे अड्डे चालवून संघ पोसायचा नाही, हा निर्णय ज्या क्लबने पैशांची चणचण असताना घेतला, त्याचा मला मनापासून आदर वाटतो. पण या निर्णयाची किंमत क्लबने एकट्याने मोजली. वेळापत्रक ठरवताना किंवा मदत वाटताना त्याचे गुण कुणी दिले नाहीत.

घरचे सामने विकणं तरीही थांबलं नाही, फक्त जरा शहाणपणाने होऊ लागलं. २०१२ पासून नॉर्थ टास्मानियात होबार्टला खेळू लागला, आधी वर्षाला दोन सामने, मग वाढत गेले. तिथल्या सरकारी फेरी कंपनीचं प्रायोजकत्व मिळालं. हॉथॉर्नने हाच मार्ग टास्मानियाच्या उत्तरेला, लॉन्सेस्टनमध्ये, २००१ पासूनच धरला होता, आणि त्या पैशावर उभं राहून २००८ आणि मग २०१३ ते २०१५ अशी चार विजेतेपदं घेतली. त्यामुळे घरचा सामना बाहेर नेला की क्लब बुडतो, असं नाही. करार लांब पल्ल्याचा असेल आणि प्रेक्षक आपले होणार असतील तर तो तारतो.

२०२५ पासूनचा करार मात्र मला खटकतो. टास्मानियाचा स्वतःचा संघ येणार म्हणून नॉर्थवर तिथून बाहेर पडायची वेळ आली, आणि त्याने वर्षाला दोन घरचे सामने वेस्टर्न ऑस्ट्रेलियात न्यायचं ठरवलं. पहिल्या वर्षी बनबरीत वेस्ट कोस्टविरुद्ध आणि पर्थमध्ये फ्रिमँटलविरुद्ध. हे दोन्ही क्लब तिथलेच. म्हणजे यजमान म्हणून नाव नॉर्थचं, प्रवास चार तासांच्या विमानाने नॉर्थचा, आणि मैदानातला आरडाओरडा पाहुण्यांच्या बाजूने. क्लबला पैसे मिळाले, राज्य सरकारला सामने मिळाले. इतर क्लबांनी मात्र विचारलं की क्रमवारीत हे गुण सारखेच मोजायचे का, आणि हा प्रश्न रास्त आहे. पैशाची असमानता बुजवायला मैदानातली समानता विकावी लागली, आणि लीगने त्याला परवानगी दिली.

गुड फ्रायडे

या सगळ्या प्रकरणात एक निर्णय बरोबर झाला, म्हणून त्यावर जरा थांबतो.

गुड फ्रायडेला लीगचे सामने होत नसत. धार्मिक दिवस म्हणून लीग तो टाळत आली होती. दुसरीकडे त्या दिवशी मेलबर्नमध्ये १९३१ पासून चालत आलेली एक मोठी देणगी-मोहीम असते: रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलसाठी. दिवसभर टीव्हीवर, रस्त्यांच्या नाक्यांवर, अग्निशमन दलाचे जवान डबे घेऊन उभे. हे रुग्णालय आर्डन स्ट्रीटपासून जवळच. नॉर्थ आणि बुलडॉग्स या दोन्ही लहान क्लबांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली की हा दिवस आम्हाला द्या, सामना रुग्णालयाच्या मोहिमेला जोडू.

२०१७ मध्ये तो मिळाला. १४ एप्रिलला डॉकलँड्सवर नॉर्थ विरुद्ध बुलडॉग्स. बुलडॉग्स आदल्याच वर्षी बासष्ट वर्षांनी विजेते झाले होते. बेचाळीस हजारांवर लोक आले आणि सामना तीन गुणांच्या फरकाने सुटला. एरवी या दोघांचा सामना रविवारी ४.४० ला ठेवला असता तर एवढे लोक आले असते का? संघ तेच, मैदान तेच, तिकीट तेच. बदलली फक्त वेळ. लहान क्लबांना लोकच येत नाहीत या म्हणण्याला यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही.

पुढे नॉर्थचा संघ ढासळला. २०२१ च्या गुड फ्रायडेला बुलडॉग्सनी त्यांना १२८ गुणांनी हरवलं. २०२१ आणि २०२२ मध्ये नॉर्थ क्रमवारीत तळाला राहिला. आता हा दिवस त्यांच्याकडून काढून घ्या, टीव्हीवर असला एकतर्फी सामना कोण बघणार, अशी ओरड सुरू झाली. लीगने तसं केलं नाही. यजमानपद नॉर्थकडे ठेवलं आणि २०२३ पासून समोर कार्लटन आणून बसवलं. कार्लटनचे पाठीराखे भरपूर, मैदान भरतं, वाहिनी खूश, आणि तिकिटांचा पैसा यजमान म्हणून नॉर्थचा.

या एका निर्णयात मला लहान क्लबांच्या प्रश्नाची अर्धी उकल दिसते. मोठ्या क्लबला मोठा दिवस द्यायलाच हवा असेल तर द्या, पण पाहुणा म्हणून. वाहिनीचं काही जात नाही, कार्लटनचा पाठीराखा सामना बघतोच, आणि उत्पन्न ज्याला गरज आहे त्याच्याकडे जातं. यासाठी अनुदान लागत नाही, कर लागत नाही, कुणाला हात पसरावे लागत नाहीत.

अनुदान आणि त्याची लाज

लीगने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००० नंतरच्या दशकात नॉर्थ, बुलडॉग्स, मेलबर्न अशा क्लबांना दरवर्षी विशेष मदत दिली जात होती. २०१४ मध्ये श्रीमंत क्लबांच्या उत्पन्नातला काही भाग घेऊन वाटायचं धोरण आलं, आणि प्रशिक्षक, विश्लेषक, शरीरशास्त्राचे तज्ज्ञ यांच्यावर ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च करणाऱ्या क्लबला कर लावायचं ठरलं. आता प्रत्येक क्लबला मूळ रकमेवर गरजेप्रमाणे कमीजास्त वाटा मिळतो. नॉर्थने अलीकडच्या वर्षांत कर्जही फेडलं. २०२४ मध्ये तर नॉर्थच्या महिला संघाने एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं.

तरीही ‘मदत’ हा शब्द क्लबच्या मागे लागतोच. दरवर्षी कुठल्या क्लबला लीगने किती दिलं याचे आकडे छापून येतात, आणि ज्याला जास्त मिळालं त्याच्याकडे भिकाऱ्यासारखं बघितलं जातं. पण वेळापत्रकातून कुठल्या क्लबला किती मिळालं, याचे आकडे कधीच छापून येत नाहीत. अँझॅक डेचं यजमानपद म्हणजे किती डॉलर? वर्षात सहा शुक्रवार म्हणजे जर्सीच्या प्रायोजकाकडून किती जास्त? हा आकडा लीगकडे आणि वाहिनीकडे असणारच, त्याशिवाय ४५० कोटींचा करार होत नाही. एका हाताने दिलेलं जाहीर आणि दुसऱ्या हाताने दिलेलं गुप्त, असा हा हिशेब आहे.

मोठ्या क्लबांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, आमच्यामुळे वाहिनी पैसे देते आणि त्याच पैशातून तुमची मदत येते. शुक्रवारी तळाचे दोन संघ खेळवले तर बघणारे कमी होतील, पुढचा करार लहान होईल, आणि त्याची झळ तुम्हालाच जास्त बसेल. हे खरं आहे. कॉलिंगवूडचे पाठीराखे कुणी फुकट दिलेले नाहीत, शंभरहून जास्त वर्षांत ते जमले आहेत.

पण ते कसे जमले, हेही बघा. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या भागांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यांत मराठी घरंही आहेत. आईवडिलांना फुटीची परंपरा नाही, आजोबांचा क्लब नाही. मूल शाळेत गेलं की पहिल्याच वर्षी विचारणा होते, तू कुणाचा? मग ते मूल टीव्हीवर जो क्लब सारखा दिसतो त्याचं नाव सांगतं. शुक्रवारी रात्री दिसणारा क्लब त्याला माहीत असतो. रविवारी संध्याकाळी पैसे भरून बघायच्या वाहिनीवर खेळणारा क्लब त्याच्यासाठी जवळजवळ नसतोच. असा पाठीराखा एकदा ठरला की जन्मभर बदलत नाही. म्हणजे वेळ मिळते म्हणून पाठीराखे वाढतात, आणि पाठीराखे जास्त म्हणून वेळ मिळते. हे चक्र आपोआप थांबणार नाही. ज्याच्या हातात वेळापत्रक आहे त्यालाच ते थांबवावं लागेल.

काय करता येईल

सगळ्यांना सारखे शुक्रवार द्या, अशी मागणी मी करणार नाही. ती वाहिनीला परवडणार नाही, आणि खराब खेळणाऱ्या संघाला सहा वेळा देशापुढे उभं करणं त्या संघालाही बरं नाही. माझी मागणी याहून लहान आणि करता येण्याजोगी आहे.

प्रत्येक वेळेची किंमत लीगने काढावी आणि ती जाहीर करावी. मोसम संपला की प्रत्येक क्लबपुढे दोन आकडे यावेत: लीगने रोख किती दिलं, आणि वेळापत्रकाने किती दिलं. तीन वर्षांच्या चक्रात वेळापत्रकाचा वाटा ठरावीक पातळीखाली गेला तर तेवढी भरपाई क्लबला मिळावी, आणि ती मदत म्हणून नाही तर देणं म्हणून नोंदवावी. दर क्लबला वर्षात किमान एक मोठा दिवस यजमान म्हणून मिळावा, समोर ज्याचे पाठीराखे जास्त असा पाहुणा. रविवारी संध्याकाळचे घरचे सामने कुणाच्याही वाट्याला ठरावीक संख्येपलीकडे जाऊ नयेत. आणि घरचा सामना समोरच्याच संघाच्या राज्यात नेऊन विकायला बंदी असावी. त्यामुळे नॉर्थचं जे नुकसान होईल ते याच भरपाईतून निघावं.

यांतली शेवटची अट नॉर्थला आज आवडणार नाही, हे मला कळतं. पश्चिमेकडचा पैसा हातात आहे आणि भरपाई अजून कागदावरही नाही. म्हणून ती एकटी लागू करू नये, सगळं एकत्रच यायला हवं.

याला मुहूर्तही जवळ आहे. २०२८ मध्ये टास्मानियाचा संघ लीगमध्ये उतरायचा आहे. क्लब एकोणीस होतील. विषम संख्या, म्हणजे प्रत्येक फेरीत किमान एका क्लबला बसून राहावं लागणार, आणि कोणाशी दोनदा खेळायचं हा हिशेबही मुळापासून नव्याने मांडावा लागणार. छोट्या राज्यातला हा क्लब आपल्या पहिल्या मोसमात किती शुक्रवार मागणार, त्याला किती मिळणार आणि ते कोणाच्या वाट्यातून कापले जाणार, हे त्या वेळापत्रकाच्या आधी लेखी ठरलेलं असायला हवं.